हातच्याची वजाबाकी, ब्लूमचा त्रिकोण आणि आमचा जोडवर्ग

माणदेशी मास्तर (धागाकर्ता)

मागच्या शनिवारी केंद्रशाळेत शिक्षण परिषद होती. भिंतीवर तासभर ब्लूमचा रंगीत त्रिकोण, म्हणजे शिकण्या-विचाराच्या पायऱ्यांची उतरंड. तळाला 'स्मरण', टोकाला 'सर्जन'. पाठटाचणात रोज एक तरी प्रश्न वरच्या दोन पायऱ्यांचा हवा, असं सांगण्यात आलं. आम्ही माना डोलावल्या, पोहे खाल्ले, फोटो ग्रुपवर टाकला आणि घरी आलो.

सोमवारी वर्गात ४०२ वजा १७८ दिली. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट एकोणीस. त्यात चौथीची अकरा पोरं. अकरापैकी चौघांनी उत्तर लिहिलं ३७६, आणि एकानं २३४.

नोकरीच्या पहिल्या वर्षी असतो तर लाल शाईनं फुली मारून शेजारी 'हातचा विसरलास' असं लिहून मोकळा झालो असतो. पण ३७६ येतं कुठून ते बघा. आठातून दोन गेले, सहा. सातातून शून्य गेलं, सात. चारातून एक गेला, तीन. ही पोरं काहीही विसरलेली नाहीत. त्यांनी एक नियम इमानेइतबारे पाळलाय: मोठ्यातून लहान काढायचा. हा नियम त्यांना दिला कुणी? दुसरीला ती माझ्याकडेच होती. 'लहानातून मोठा जात नाही' हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. पोरांनी त्याचा आपापल्या परीनं अर्थ लावला. जात नाही ना, मग उलटं करू.

डी.एड.ला आम्ही पियाजे, ब्रूनर, वायगॉट्स्की हे मुलं कशी शिकतात ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ सगळे पाठ केले. पियाजे आणि वायगॉट्स्की दोघेही १८९६चे, हे अजून झोपेतही सांगेन. पण जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन ही नावं मला फार उशिरा कळली. ही मंडळी संगणकाकडून आलेली. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका त्यांनी प्रोग्रॅममधल्या 'बग'सारख्या वाचल्या आणि १९७८ साली त्यावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीची रीत काटेकोरपणे वापरत असतं, आणि ती रीत सापडली की पुढच्या गणिताचं चुकीचं उत्तर आधीच सांगता येतं. मी करून पाहिलं. त्या चौघांना ५०३ वजा २६७ दिलं आणि त्यांच्या नकळत माझ्या वहीत ३६४ लिहून ठेवलं. चौघांचंही ३६४ आलं! अंगावर काटा आला, खरं सांगतो.

२३४वाला पोरगा निराळा. त्यानं चारचे तीन केले, शून्याचे दहा केले, दोनचे बारा केले. सगळं बरोबर. फक्त दशकाच्या घरातून एक उचलल्यावर तिथे नऊ उरतात, हे त्याच्या हिशेबात नाही. म्हणजे एकाच गणितात दोन वेगळ्या चुका आणि त्यांना दोन वेगळी औषधं. लाल फुली मात्र दोघांना एकच मिळाली असती.

मग काड्या काढल्या. दहाचे गठ्ठे, दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा, रबरबँड. ४०२ म्हणजे चार मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. "आठ काड्या द्या मला." दोनच आहेत. "शेजारच्या घरातून आणा." शेजारी दशकाच्या घरात शून्य. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, घराला कुलूप हाय." वर्ग हसला, पण गाडी रुळावर आली ती तिथेच. त्याच्या पलीकडच्या घरी जायचं, मोठा गठ्ठा सोडायचा, दहा छोटे गठ्ठे दशकाच्या घरात ठेवायचे, त्यातला एक उचलून सोडायचा. २३४वाल्यानं उरलेले गठ्ठे हातानं मोजले. नऊ. माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, वहीकडे गेला.

ब्रूनर म्हणतो तसं आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. मी वर्षानुवर्षं काड्यांवरून थेट आकड्यांवर उडी मारत होतो. मधली चित्राची पायरी गाळलेलीच. या वेळी ती घेतली: चौकोन म्हणजे शंभर, रेघ म्हणजे दहा, ठिपका म्हणजे एक. पोरं चौकोन खोडतात आणि दहा रेघा काढतात. वेळ जातो. पण काड्या पेटीत गेल्यावरही पोराच्या हाताशी काहीतरी उरतं.

आता मुद्दा. शिकण्याच्या सिद्धांतांवर इथे अनेकांनी पूर्वी लिहिलंय, पण सगळं वरवरचं. 'मी ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान आपणच रचतं हा विचार) वापरतो' असं नको. कुठल्या इयत्तेत, कुठल्या धड्याला, काय केलंत आणि पोरांनी काय केलं, ते लिहा. फसलं असेल तर आधी ते लिहा.

अनघा_पी

मास्तर, ते ३६४चं फारच भारी! मी पुण्यात खाजगी शाळेत सातवी-आठवीला इतिहास शिकवते.

ब्लूमची थोडी बाजू घेते. १९५६चं ते मूळ काम कॉलेज आणि विद्यापीठातल्या परीक्षकांच्या गटाचं. परीक्षेतले प्रश्न कसे लावायचे, एकमेकांशी कशाच्या आधारावर ताडायचे, हा त्यांचा खटाटोप होता. तो त्रिकोण त्या पुस्तकात नाहीच, नंतर कुणीतरी काढला आणि सगळा घोटाळा झाला. त्रिकोण दिसला की वरचं ते श्रेष्ठ आणि खालचं ते हलकं असं वाटतं. २००१मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात नामांची क्रियापदं झाली आणि सर्जन सगळ्यात वर गेलं. आमच्या पाठटाचणात फिरते ती हीच.

माझं फसलेलं सांगते. पानिपत शिकवायला घेतलं आणि पहिल्याच तासाला उत्साहानं विचारलं, "सदाशिवरावभाऊंच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" चांगला 'सर्जन'वाला प्रश्न. उत्तरं आली: रात्री छापा घातला असता, गनिमी कावा केला असता, तोफा उडवल्या असत्या. एका मुलानं अब्दालीला भेटायला बोलावून वाघनखं काढली! वर्गात धमाल, पण इतिहास शून्य. पोरांना काहीच माहीत नव्हतं, मग विचार कशाचा करणार?

पुढच्या वर्षी तोच प्रश्न चौथ्या तासाला विचारला. तोवर रसद कशी तुटली, सैन्यासोबत बायकामुलं आणि यात्रेकरू किती होते, दिल्लीकडे परतायची वाट कुणी अडवली होती, हे सगळं नकाशावर झालेलं. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी भाऊंकडे कुठले पर्याय शिल्लक होते, याचीच यादी पोरांनी केली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी काहीच करता आलं नसतं, जे करायचं ते दोन महिने आधी." मी गप्प.

स्मरणाला खालची पायरी म्हणू नये असं मला वाटायला लागलंय. ते जोतं आहे.

तिरकस

म्हणजे आमच्या शाळेच्या पाठटाचणात जोतं नसताना वरचे दोन मजले बांधलेले आहेत. भोगवटा प्रमाणपत्र केंद्रप्रमुखांच्या सहीचं.

जुना_फळा

धागा आवडला, पण एका गोष्टीवर बोट ठेवतो. मास्तरांनी जे केलं त्याला ज्ञानरचनावाद म्हणत नाहीत. त्यांनी पोरांना नीट, पायरीपायरीनं शिकवलं. त्याला शिकवणं म्हणतात!

२०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यातून शिक्षकांच्या गाड्या साताऱ्याजवळच्या कुमठे बीटला, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाला, जात होत्या. मीही जाऊन आलो. तिथे जे पाहिलं ते खरोखर चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. वाद परत आल्यावरचा आहे. आमच्या तालुक्यात काय झालं? ऑइलपेंटचे डबे आले. महिन्याभरात सगळ्या वर्गांच्या फरश्या रंगल्या, साप-शिडी, शब्दचक्र, संख्यारेषा. बाकं व्हरांड्यात गेली. शिक्षकानं बोलायचं नाही, मुलं आपण शिकतील. आमच्या शेजारच्या वर्गात पोरं तासन् तास खडे इकडून तिकडे करत असायची आणि बाई फोटो काढत असायच्या.

किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली यावर एक खणखणीत लेख लिहिला होता. सार इतकंच, की नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. तिथे 'तूच शोध' म्हणून सोडून दिलं तर सगळी ताकद शोधण्यातच संपते, शिकायला काही उरत नाही. नवशिक्याला आधी सोडवलेलं उदाहरण दाखवा. तज्ज्ञाला शोधू द्या.

आणि पाढे. सात आठे छप्पन्न जिभेवर नसेल तर भागाकाराच्या पायऱ्या डोक्यात राहणार कुठे? आमच्या आजोबांना पावकी, निमकी, औटकी पाठ होती. त्यांना कुणी 'रट्टा मारणारे' म्हणून हिणवलं नाही.

माणदेशी मास्तर

फळाकाका, पाढ्यांबद्दल शंभर टक्के मान्य. माझ्याकडे रोज प्रार्थनेनंतर पाढे होतात, आणि केंद्रप्रमुख येणार असतील तेव्हाही थांबत नाहीत.

पण 'नीट शिकवणं' मी दुसरीतही केलं होतं हो. त्या नीट शिकवण्यातूनच ३७६ जन्मलं. पोरानं माझं ऐकून मनात काय बांधलं हे मला दोन वर्षं कळलंच नाही. रचनावाद म्हणजे पोराला एकटं सोडणं, असं मी धरत नाही. आपण काहीही केलं तरी पोर आतमध्ये स्वतःचं काहीतरी रचतच असतं, एवढंच मी त्यातून घेतो. मग काय रचलंय ते बघायला नको?

अवांतर: आमच्या वर्गातही फरशी रंगवलीय. तिचा सगळ्यात जास्त उपयोग पोषण आहाराच्या वेळी पंगत सरळ बसायला होतो.

निवृत्त बाई

मास्तर, तुमचे लेखन वाचून फार बरे वाटले. मी पालघर भागात एकतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. त्या वेळी तो ठाणे जिल्हाच होता.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला कोसबाडला नेले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे त्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते वाढवले. तिथे गणनासाठी चिंचोके, बिया, शिंपले, पाने. विकत आणलेले काही नाही. त्यांनी कुरणशाळाही चालवली होती. वारली मुले गुरे चारायला जात, शाळेत येऊ शकत नसत, तर शाळा कुरणावर गेली. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या तोंडी वायगॉट्स्कीचे नाव नव्हते. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, एवढे मात्र तिथे पाहून कळले.

आता तुम्ही मागितले तसे एक वापरलेले सांगते. ते म्हणजे गप्प बसणे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी प्राथमिक विज्ञानाच्या वर्गांतले संभाषण ध्वनिमुद्रित करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. एका सेकंदात उत्तर आले नाही की दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबायला लावल्यावर मुलांची उत्तरे लांबली, 'माहीत नाही' कमी झाले आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. हे १९७०च्या दशकातले काम. मला ते एका प्रशिक्षणात कळले, निवृत्तीला सहा वर्षे राहिली असताना. म्हणजे पंचवीस वर्षे मी एक सेकंदवाली बाई होते.

सोपे वाटते ना? करून पाहा. पहिल्या दिवशी मनात 'एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती' मोजत होते आणि घाम फुटला. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा हात वर करून उड्या मारतो, मागचा खिडकीबाहेर बघतो, आणि आपल्याला वाटते की वर्ग हातातून चालला. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात लिहिले, 'पाठात निष्क्रिय वेळ आढळला.' तो शेरा मी जपून ठेवला आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, घरी वारली बोलणारी. पहिलीपासून तिसरीपर्यंत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मराठी प्रश्न ऐकायचा, आपल्या बोलीत समजून घ्यायचा, उत्तर पुन्हा मराठीत आणायचे, याला एक सेकंद कसा पुरेल? मला ती मंद वाटत होती. ती भाषांतर करत होती.

शेंगदाणा_चटणी

बाई, शेवटच्या दोन वाक्यांसाठी दंडवत.

राइनकाठी

मी शिक्षक नाही, जर्मनीत राहतो, मुलगी इथल्या दुसरीत आहे. पण मुलांच्या डोक्यावरच्या भाराचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

जर्मनमध्येही आपल्यासारखंच, एकक आधी आणि दशक मागून. एकवीसला 'एक-आणि-वीस'. इथली मुलं त्रेसष्ठ ऐकतात आणि ३६ लिहितात. शिक्षिकेनं पहिल्याच पालकसभेत सांगितलं की हे होणार, घाबरू नका. घरी आम्ही मराठी बोलतो, म्हणजे पोरीला दोन्ही भाषा उलट्याच मिळाल्या! इथे गणिताच्या एका प्राध्यापकानं सुरू केलेली संघटनाच आहे, तिचं नाव 'त्स्वान्त्सिगआइन्स', शब्दशः 'वीसएक'. नॉर्वेनं तर १९५१मध्ये सरकारी निर्णयानं क्रम बदलला. म्हातारी माणसं तरीही जुन्याच पद्धतीनं बोलत राहिली.

२०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून तिकडे जो गदारोळ झाला तो मी इथून बघत होतो. 'साठ तीन' म्हटलं म्हणून मराठी भाषा बुडाली म्हणे.

जुना_फळा

बुडाली नाही, पण गरज काय होती? पिढ्यान् पिढ्या मुलं त्रेसष्ठ शिकली. अवघड आहे म्हणून काढून टाकायचं तर उद्या जोडाक्षरंही काढा.

राइनकाठी

काढून टाकलं नव्हतंच. दोन्ही नावं होती. जोडाक्षरांचा त्रास आणि उलटा क्रम, अशी दोन्ही कारणं गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा जाहीरपणे सांगितली होती. विधिमंडळात विनोद झाले, पुस्तक उघडून किती जणांनी पाहिलं माहीत नाही.

माणदेशी मास्तर

भांडू नका, माझ्या वर्गातलं सांगतो. माझ्याकडे दोन पोरं जतकडून आलेली, घरी कानडी. कानडीत एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदू', वीस आधी, एक मागून. ही दोघं मराठी शब्द शोधताना अडखळतात, पण एकदा संख्या कळली की आकडे कधीच उलटे लिहीत नाहीत. माझी अस्सल मराठी पोरं दुसरीत सर्रास लिहायची. नमुना दोन पोरांचा, त्यामुळे यावरून कुणी प्रबंध लिहू नये.

मी वर्गात त्रेसष्ठच म्हणतो. पण गठ्ठे मांडताना 'सहा दशक तीन' म्हणायला लावतो, कारण हातात सहा गठ्ठे आणि तीन काड्या असतात. जिभेवर त्रेसष्ठ, हातात साठ तीन. वजाबाकीला हातातलंच उपयोगी पडतं. आणि आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीसही आहेत. एक कमी तीस! त्यात वजाबाकी आधीच भरलेली आहे. नव्व्याण्णवला मात्र ही शिस्त मोडते, का ते मला पोरांना सांगता येत नाही.

बीएड_ग्रस्त

विचार करायच्या सहा टोप्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? एडवर्ड डी बोनो, १९८५. पांढरी माहितीची, लाल भावनेची, काळी धोक्याची, पिवळी फायद्याची, हिरवी नव्या कल्पनेची, निळी सगळ्यांना आवरणारी. मी सातवीला 'ओढ्यावर बंधारा घालावा का' यावर घेतलं. टोप्या कागदाच्या, पोरांनीच केल्या. पहिला अर्धा तास 'मला काळी नको, मला लाल हवी' यातच गेला, हे फसलेलं आधी लिहिलं.

दुसऱ्यांदा टोप्या फेकल्या आणि सगळ्या वर्गाला एकाच वेळी एक रंग दिला. आता पाच मिनिटं सगळ्यांनी फक्त धोके सांगायचे. ज्या पोराच्या वडिलांची जमीन ओढ्याला लागून आहे आणि ज्याला बंधारा हवाच होता, त्यालाही धोका शोधावा लागला. त्यानं सांगितलं, "गाळ साठला तर पाणी आमच्याच रानात घुसंल." घरी जाऊन वडिलांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत, "तुम्ही पोराला काय शिकवताय?"

तिरकस

आमच्या कंपनीत या टोप्यांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. जेवण चांगलं होतं.

दोन_पोरांची_आई

पालक म्हणून विचारते. गेल्या वर्षी एका क्लासनं मुलाची चाचणी घेतली, पंधराशे रुपये. निकाल, तो 'कायनेस्थेटिक लर्नर' आहे, म्हणजे म्हणे हालचालीतून शिकतो. त्याला वाचून शिकवू नका असं सांगितलं. आता तो इतिहासाचा धडा वाच म्हटलं की मलाच प्रमाणपत्र दाखवतो. याला काही आधार आहे का?

अनघा_पी

ताई, ते प्रमाणपत्र लपवा. मूल दृश्य, श्राव्य की स्पर्श या प्रकारचं ते ओळखून त्याच प्रकारे शिकवलं की जास्त शिकतं, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं. आवड असते, ते ठीक. पण कसं शिकवायचं ते बरंचसं विषय ठरवतो. नकाशा बघावाच लागतो, कविता ऐकावीच लागते, पोहणं पाण्यात उतरूनच. तुमचं पोर कुठल्याही 'प्रकारचं' असलं तरी.

आणि ते पंधराशे परत मागा.

विदर्भाची_संत्री

मी दहावीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. पोरं धडा पाच-पाच वेळा वाचतात, पिवळ्या पेनानं पान रंगवतात, आणि पेपरात कोरी.

रोएडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा एक प्रयोग माझ्या कामी आला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. पोरं फसतात ती इथंच. रात्री वाचलं, सकाळी आठवतंय, म्हणजे येतंय!

आता प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं वही बंद. 'मागच्या मंगळवारी काय झालं ते लिहा.' गुण नाहीत, तपासणं नाही, शेजाऱ्याशी ताडून बघायचं. पहिले पंधरा दिवस पोरांनी शिव्या घातल्या असणार. कालचं विचारलं तर सोपं जातं, म्हणून मुद्दाम आठवडाभर मागचं विचारतो. थोडं विसरल्यावर आठवणं जास्त मुरतं.

माणदेशी मास्तर

संत्री सर, हे चौथीला उद्यापासून सुरू.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती लिहायची राहिली. शुक्रवारी शाळेत बाल बाजार भरवला. पोरांनी घरची मेथी, शेवगा, लिंबं, एकानं चक्क कोंबडीची अंडी आणली. ३७६वाल्यांपैकी एक पोरगी, घरची मेंढरं, वर्षातले चार महिने कुटुंब फिरस्तीवर. मी तिच्याकडून अठ्ठावीस रुपयांची मेथी घेतली आणि शंभराची नोट दिली. वर बघितलं नाही, बोटं हलली नाहीत. "दोन, तीस. सत्तर." बहात्तर रुपये हातात.

हीच पोरगी वहीत १०० वजा २८ केलं की काय लिहिते ते तुम्ही ओळखलं असेल. १२८! शून्यातून आठ, आठ. शून्यातून दोन, दोन. वर एक.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या पोरांवर काराहेर पतिपत्नी आणि श्लीमान यांनी १९८५मध्ये लिहिलं होतं. गाड्यावर ९८ टक्के हिशेब बरोबर, तेच आकडे कागदावर दिले की ३७ टक्के. गेल्या वर्षी-दोन वर्षांत दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारातल्या पोरांवरचा मोठा अभ्यास आला, २०२५चा, त्यातही हेच. बाजारातलं वहीत उतरत नाही, आणि वहीत हुशार असलेल्या शाळकरी पोरांना बाजारात जमत नाही.

मी हे वाचलेलं होतं. तरी वर्गात तीन वर्षं समोर बसलेली पोरगी दुकानदार आहे हे मला मेथी घेईपर्यंत दिसलं नव्हतं.

सोमवारी तिला म्हटलं, वहीतली वजाबाकीही गिऱ्हाईक समजून कर. ४०२ची नोट दिलीय, १७८चा माल. तिनं लिहिलं:
१७८ ला २, १८०.
१८० ला २०, २००.
२०० ला २०२, ४०२.
२२४.

मग मला विचारलं, "गुरुजी, मंग हातचा कशाला घ्यायचा?"

मी म्हटलं, मोठे आकडे आले की लागतो. तिला पटलं नाही, मलाही फारसं नाही. आता अडचण अशी, की पुढच्या महिन्यात संकलित चाचणी आहे. उत्तरसूचीत पायऱ्यांना गुण आहेत, हातचा दाखवण्याला एक. तिच्या रीतीत हातचाच नाही. गुण द्यायचे कसे, आणि उरलेल्यांना ही रीत दाखवायची की नाही? दोन रिती एकदम दिल्या तर फळाकाका म्हणतात तसा डोक्यावर भार व्हायचा.

जुना_फळा

पूर्ण गुण द्या. उत्तर बरोबर, रीत बरोबर, कुठल्या शाईत लिहिलंय ते विचारतोय कोण. पण बाकीच्यांना आत्ता दाखवू नका. ज्यांचं ३७६ नुकतंच सुटलंय त्यांना आधी एक रीत पक्की होऊ द्या. तिला मात्र हातचाही शिकवा. पुढे भागाकारात दुकानदारी पुरणार नाही.

सानिका_लेस्टर

इथे इंग्लंडमध्ये वर्गात दोन्ही असतं, रिकामी संख्यारेषा काढून पुढे मोजत जाणं आणि उभी मांडणीही. आधी रेषा, मग मांडणी. मास्तरांच्या पोरीनं रेषेवरच्याच उड्या मारल्यात, फक्त रेषा काढली नाही. ती काढायला सांगा, म्हणजे तपासणाऱ्याला पायऱ्या दिसतील.

निवृत्त बाई

मास्तर, उरलेल्यांना दाखवायचे की नाही हे तुम्ही ठरवू नका. तिला फळ्यापाशी बोलवा, खडू द्या, तेच गणित करायला सांगा. मग तुम्ही मागे जाऊन तिसरीच्या पोरांत बसा. कोणी काही विचारले तर तिलाच उत्तर देऊ द्या. आणि तीन हत्ती मोजा.

माणदेशी मास्तर

बरं बाई. उद्या पहिल्या तासाला करतो, काय झालं ते रात्री लिहितो. आत्ता यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरायची आहे, साइट दहानंतरच उघडते.